रोजचं पाणी

वारा आला होता, हे मी नाकारत नाही. दुपारी आला, धुळीनं डोळे भरले, गोठ्याचा एक पत्रा उचलून बांधापलीकडे टाकला आणि पारोळ्याकडे निघून गेला. पण त्या वाऱ्यानं आमच्या लिंबूच्या बागेतलं एकही झाड पडलं नाही. बांधावरचा कडुनिंब होता तसाच उभा. पडली ती फक्त सुलक्षणाअक्कांची सागाची झाडं. पाच वर्षांची, चांगली उंच गेलेली झाडं ओळीनं आडवी झाली, आणि उरलेल्यांतली बरीचशी अशी कलली की जवळून जायची भीती वाटावी.

संध्याकाळी पितांबर आबा बांधावर येऊन उभे राहिले. हे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. गावात कुणाच्या घरात काही बिनसलं की त्या घरातल्यांच्या आधी आबांना कळतं. त्यांनी पडलेली झाडं पाहिली, आमची उभी बाग पाहिली आणि मला म्हणाले, "काय वो कामिनी, वाराले काय डोया ऱ्हातस का? सुलीनाच झाडे कशा पडनात?"

"वाराले इचारा, आबा," मी म्हटलं.

तोंडानं असं म्हटलं खरं. पण हाच प्रश्न मी तासाभरापासून स्वतःला विचारत होते आणि मला त्याचं एकच उत्तर सुचत होतं. ते उत्तर त्या वेळी माझ्याच घरी, ओसरीच्या कडेला पाय धूत बसलेलं होतं.

अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. माझा नवरा भाईदास त्यांचा एकुलता एक भाऊ. मी त्यांना मेघाचे पप्पा म्हणते. मेघा आमची मुलगी, शिकायला धुळ्याला असते. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा अक्कांनीच या भावाला न्हाऊमाखू घातलं, हात धरून शाळेत नेलं. पुढे त्या लग्न होऊन जळगावला मेहरूणला गेल्या, शिक्षिका झाल्या. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. सासरे गेल्यावर सातबाऱ्यावर नावं लावायची वेळ आली, तिथून सगळं सुरू झालं. आमच्याकडे बहिणी भावाला हक्कसोड लिहून देतात. भाऊ साडीचोळी करतो, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बोलावतो, माहेर टिकतं. हे बरोबर की चूक ते मला विचारू नका. मीही माझ्या भावाला लिहून दिलंय आणि ती साडी मी अजून नेसलेली नाही. अक्कांनी लिहून दिलं नाही. "बापाची जमीन आहे, मला माझा वाटा हवा," म्हणाल्या. मेघाच्या पप्पांनी एक शब्द न बोलता मधोमध बांध घातला. बोलले ती मी, आणि बरंच बोलले.

वाट्याला आलेल्या जमिनीत अक्कांनी साग लावला. जळगावला राहून शेती करायची म्हणजे झाडंच बरी, असा त्यांचा विचार. रोपं आणली, ठिबकच्या नळ्या अंथरल्या, आणि विहीर आमच्या बाजूला असल्यामुळे पाणी द्यायचं काम भावावर टाकून त्या मेहरूणला निघून गेल्या. मग सुरू झाले फोन. अक्कांचा जन्म वर्गावर नजर ठेवण्यात गेलेला. "भाईदास, आज पाणी दिलंस? बुंध्याजवळची जमीन ओली दिसू दे. फोटो टाक." रोज. पोळ्याला, दिवाळीला, मेघा तापानं फणफणली होती त्या दिवशीसुद्धा. रोज ओली जमीन दिसली नाही तर अक्कांच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

यात भावावर अविश्वास होता असं मला नाही वाटत. होता तो माझ्यावर. "ही बाई पाणी तोडायला लावेल, झाडं वाळवेल, आणि मी कंटाळून जमीन सोडून देईन," असं त्या मेहरूणच्या शेजारणींना सांगायच्या. ते शब्द फिरून फिरून माझ्यापर्यंत यायचे. आणि मीही काही गप्प बसणारी नव्हते. मी यांना स्पष्ट सांगितलं, "विहिरीत पाणी किती, लाइट किती वेळ, ते बघा. अक्कांच्या झाडांना आठ दिवसांतून एकदा, चार तास. त्यापेक्षा एक मिनिट जास्त मोटर चालली तर स्टार्टरची पेटी मी कुलूप लावून बंद करीन. रोजचे लाड करायचे असतील तर अक्कांनी स्वतःची विहीर खणावी."

"बरं," ते म्हणाले. ते चार तास रात्रपाळीच्या लाइटीत देतो म्हणाले, म्हणजे दिवसाची मोटर आमच्या लिंबूला मोकळी राहील. भांडण न करणारा माणूस आहे. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. मग अशा माणसावर मला संशय का आला? सांगते.

पहिली गोष्ट मोटरीची. आमची विहीर घराला लागून आहे. मोटर सुरू झाली की उशाशी कुणी जातं ओढत बसल्यासारखा आवाज येतो. अक्कांच्या पाण्याच्या रात्री तो आवाजच यायचा नाही. एकदा नाही, कितीतरी वेळा. मी ओळखलं, हे पाणी देतच नाहीत, एखादा जुना फोटो पुन्हा पुन्हा पाठवतात. तेव्हा मला हसू आलं होतं. खरं सांगते, मनातून बरंही वाटलं होतं.

दुसरी गोष्ट चराची. आमच्या भागात शेजारच्या वावरात मोठी झाडं असली की बांधाच्या कडेनं चर खणतात. झाडाची मुळं चोरासारखी आपल्या पिकात येतात आणि ओल पिऊन टाकतात. चर खणला की ती तिथल्या तिथे तुटतात. मीच मागे लागून हिवाळ्यात जेसीबी बोलावला आणि बांधाच्या आमच्या अंगाला छातीइतका खोल चर मारून घेतला. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, सगळं गाव असंच करतं. पण चर मारल्यावर मुळं तुटलेली झाडं कधी कधी वाऱ्यात जातात, हेही सगळ्या गावाला माहीत आहे.

आणि तिसरी गोष्ट कुदळीची. थंडी सरल्यापासून मेघाचे पप्पा उजाडायच्या आत उठून, खांद्यावर कुदळ टाकून अक्कांच्या बाजूला जायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "डुकरे येतस, देखाले जास." परत यायचे ते हातपाय धुऊन. कुदळसुद्धा धुऊन, पुसून भिंतीला लावलेली असायची. आता मला सांगा, शेतकऱ्याच्या घरात कुदळ कोण धुतं? डुकरं बघायला गेलेला माणूस कुदळीला असं काय लावून आणतो, की ते बायकोला दिसू नये?

झाडं पडेपर्यंत या तिन्ही गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या होत्या. त्या दुपारी त्या एकत्र आल्या. जेसीबीचा चर तर बांधालगतच्या ओळीपुरता. आतल्या ओळी कशा पडल्या? आतली मुळं कुणी तोडली? पहाटे कुदळ घेऊन आत कोण जात होतं?

मला भीती कशाची वाटत होती तेही सांगून टाकते. पोलिसांची नाही, गावाची तर नाहीच. बहीण आईच्या जागी असलेल्या या माणसानं तिचीच झाडं मुळापासून तोडली असतील, आणि रोज सकाळी हात धुऊन माझ्यासमोर चहा प्यायला बसला असेल, तर मी आजवर कुणासोबत राहिले? आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यांनी हे केलं असेल तर माझ्या तोंडाला कंटाळूनच केलं असणार.

त्या दिवशी संध्याकाळी भाकरी वाढताना मी विचारलंच. "मेघाना पप्पा, खरं सांगा. हाई तुमीच करं ना?"

त्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. "काय करं?"

"अक्काना झाडे तुमीच पाडात ना? मी कोन्हले सांगाव नही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. मला ते हवंही होतं. ते म्हणाले, "तुले असं वाटस?"

"मी फक्त इचारी ऱ्हायनी."

"इचारं ना तू. व्हयनं मंग," विचारलंस ना, झालं मग, एवढंच म्हणून ते ताटावरून उठले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. ज्यानं काही केलेलं नाही तो माणूस नाही का म्हणत नाही? मी ताट उचललं आणि माझा संशय आणखी पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं अक्का आल्या. आबांनी फोन करून सगळं रंगवून सांगितलं होतं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. अक्कांनी तो घेतला नाही. "आधी शेत," म्हणाल्या. माहेरी आलेली लेक पाणी नाकारते तेव्हा घरच्या बाईनं काय समजायचं ते मी समजले. मेघाचे पप्पा पुढे, त्यांच्यामागे अक्का, मागे मी, आणि बोलावलेलं नसताना सगळ्यांत मागे आबा, अशी आमची वरात निघाली.

शेतात गेल्यावर अक्कांनी पहिल्या पडलेल्या झाडाच्या खोडावर हात ठेवला. शहरातली साडी, शहरातली पर्स, पण हात मात्र आजारी गुराच्या पाठीवर ठेवावा तसा ठेवला. ते पाहून मला वाईट वाटलं. मग त्या भावाकडे वळल्या आणि वाईट वाटायचं राहून गेलं.

"जमीन हवी होती तर मागायची होतीस, भाईदास. तोंडानं मागायची. मी तुला हातानं भरवलंय. माझी झाडं कापायची काय गरज होती?"

ते कडुनिंबाला टेकून उभे होते. 

"चर तर यानीच खंदा," आबांनी मागून तेल ओतलं. "बठ्ठा गावनी देखा."

"चर मी खणायला लावला," मी म्हटलं.

"माहीत आहे मला, कोण काय करायला लावतं ते," अक्का म्हणाल्या. "मी इथून सरळ पोलीस ठाण्यात जाणार आहे. आणि आखाजीला माझी वाट बघू नका. या वर्षी नाही, पुढेही नाही. मला माहेर नाही असं समजेन मी."

आखाजी चार दिवसांवर आली होती. मेघाच्या पप्पांचा चेहरा पडला, पण तोंड उघडलं नाही. त्या गप्प राहण्याचा मला इतका राग आला की मी पदर खोचला. "पोलीस नंतर, अक्का. आधी चरात उतरू. मुळं तुटलेली असतील तर चराच्या भिंतीत त्यांची टोकं दिसतील. माझ्या नवऱ्यानं काय केलंय ते तुमच्याइतकंच मलाही बघायचंय."

अक्कांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. मी त्यांच्या बाजूनं बोलतेय की नवऱ्याच्या, हे त्यांना कळेना. मलाही कळत नव्हतं.

आम्ही दोघी चरात उतरलो. मी विळ्यानं भिंत खरवडत गेले, अक्का मागून हातानं माती झाडत आल्या. अर्ध्यावर एक मनगटाएवढं मूळ सापडलं, जेसीबीनं चिरलेलं. "हे बघ!" अक्का ओरडल्या. वरून आबा वाकले. पण ते कडुनिंबाचं होतं. चाखून पाहिलं तर कडू लागलं. असली आणखी तीन-चार सापडली, सगळी कडुनिंबाची. एवढी मुळं तुटूनही तो मजेत उभा होता. सागाचं मात्र एकसुद्धा मूळ नाही. शेवटपर्यंत भिंत खरवडली, नाहीच. तुटलेलं नाही आणि धडही नाही. पहिली सागाची ओळ चरापासून जेमतेम आठ-दहा पावलांवर होती, आणि पाच वर्षांत तिची मुळं तिथपर्यंत आलीच नव्हती.

माझ्या छातीवरचा दगड हलला, पण उतरला नाही. आतल्या ओळी राहिल्या होत्या, आणि ती धुतलेली कुदळ.

"आतलं एखादं कललेलं झाड खणू या," मी म्हटलं. हे मी कुणाच्या बाजूनं बोलले, ते देवाला माहीत. ओळीतलं एक कललेलं झाड निवडलं. कुदळ मीच घेतली. पहिला घाव घातला तर ती लोण्यात जावी तशी गेली. माती काळी, गार, ओली. हातानं उपसली तर खाली मुळांचा गुंता, उकडलेल्या शेवयांसारखा, ठिबकच्या थेंबाखाली जमून बसलेला. सगळी मुळं तिथेच, बसायच्या पाटाएवढ्या जागेत. एकही कुठे तोडलेलं नाही. वीतभर खाली गेल्यावर कुदळ ठण्ण वाजली. तिथून खाली कोरडी, दगडासारखी जमीन, आणि तिच्यात एकही मूळ उतरलेलं नाही.

"बघ!" अक्का भावाला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता रागाबरोबर रडूही होतं. "खाली थेंब नाही! कापली नाहीस, तहानेनं मारलीस!"

"वर चिखल आहे, अक्का," मी म्हटलं.

"तो मला दाखवायला. मी येणार कळल्यावर आज सकाळी केलेला."

मला ते पटलं. म्हणजे पटल्यासारखं झालं, कारण आज अक्कांच्या पाण्याचा वार नव्हता. पण बोटांत धरलेली ती मुळं पांढरी, लुसलुशीत होती. उपाशी झाडाची मुळं अशी नसतात. आमच्या लिंबूला एखादं पाणी चुकलं तर मुळं दोरीसारखी वाळतात, हे मी रोज बघते. ही मुळं तर रोज पाणी पिऊन माजलेली दिसत होती.

अक्का वावराच्या टोकाकडे बोट दाखवत होत्या. "आणि ती शेवटची ओळ! ती तर पहिल्यापासून उपाशी ठेवलीस. किती वेळा सांगितलं, तिथल्या नळ्या तुंबल्यात, साफ कर. बघ कशी बारीक राहिली ती..." आणि त्या मध्येच थांबल्या. मीही तिकडे बघितलं. शेवटची ओळ बारीक होती, ठेंगणी होती, आणि ताठ उभी होती. एकही झाड पडलेलं नाही, एकही कललेलं नाही.

आम्ही दोघी तिकडे गेलो. तिथली जमीन वरून भेगाळलेली. खणायला जीव गेला. आळीपाळीनं खणलं; अक्कांनी पर्स झाडाला अडकवली आणि कुदळ घेतली तेव्हा मला कळलं की ही बाई याच मातीत वाढलेली आहे. अंगठ्याएवढं एकच मूळ सरळ खाली निघालेलं. गुडघ्याइतकं खणलं, ते खालीच. कमरेइतकं खणलं, तिथे माती हाताला गार लागली. मागच्या पावसाची ओल तिथे अजून होती, आणि मूळ त्या ओलीतून आणखी खाली गेलं होतं. मी झाडाला खांदा लावून रेटलं. ते हललं नाही.

मी तिथेच बसले. सगळं समोर होतं. "अक्का, ओल जिथे, तिथे मूळ. याला वर काही मिळालं नाही, म्हणून हे पावसाच्या ओलीमागे खाली गेलं. तिकडच्या झाडांना रोज उशाशी थोडं थोडं पाणी मिळालं. ती कशाला खाली जातील? पावसाळ्यात खाली ओल जायची तेवढीच, बाकी वर्षभर त्यांचा संसार वीतभर मातीत. वर शेंडा वाढत गेला आणि खाली धरायला काही नाही."

"रोज?" अक्का म्हणाल्या. "रोज पाणी कोण देत होतं?"

आम्ही दोघींनी एकदमच मागे वळून बघितलं.

मेघाचे पप्पा बांधावरून आमच्याकडे आले. खड्ड्यात वाकून त्यांनी ते खोल गेलेलं मूळ पाहिलं, आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा सलग बोलले. "तू म्हने, रोज ओली जमीन दखाड. हाई म्हने, आठ दिनमा चार तास, त्यानावर एक मिनिट नही. मंग मी त्या चार तास आठ दिनमा वाटी टाकात. रोज सकाये अर्धा तास. तुनं मन ऱ्हायनं, हिनं बी मन ऱ्हायनं."

"आणि रात्रीचं पाणी?" मी विचारलं. सकाळची मोटर मी रोज ऐकत होते, ती आमच्या लिंबूची असं धरून चालले होते.

"रातले दिधं नही. सांगतू ते तू रोजनं पानी बंद करती."

"कुदळ?"

"आयं करू झाडेसले. पानी वाही जाये." प्रत्येक झाडाभोवती ते मातीचं आळं करत होते, पाणी वाहून जाऊ नये म्हणून. आणि ओली माती मला दिसू नये, म्हणून कुदळ धूत होते. इतकंच होतं. मी इतके दिवस ज्याच्याभोवती घिरट्या घालत होते ते एवढंच.

अक्का खाली बसल्या. "मला वाटायचं, एकच फोटो फिरवतोस."

मलाही तसंच वाटायचं, पण हे मी मोठ्यानं म्हटलं नाही.

या माणसानं आमच्या दोघींपैकी एकीला तरी एकदा ठणकावून नाही म्हटलं असतं, तर झाडं वाचली असती. तसं त्यांनी केलं नाही, ही त्यांची चूक, आणि मी ती सोडून देणार नाही. पण बहिणीला रोज ओली जमीन हवी होती ती संशयामुळे, आणि मी पाणी मोजून दिलं तेही संशयामुळेच. त्या दोन्हींच्या मधे जे अर्ध्या तासाचं पाणी उरलं, ते त्या झाडांना मिळालं. आबा तेवढ्यात कुठे सटकले, कुणाला कळलं नाही.

अक्का रडल्या. भावाचा हात धरून, मोठ्यानं, लहान मुलीसारख्या रडल्या. "मी तुझ्यावर नाही रे..." एवढंच त्यांना म्हणता येत होतं. ते त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "जाऊ दे, अक्का. तू लांब ऱ्हास, तुले काय दिसनार शे? झाडे आखो लावसूत." माझा जीव इतका हलका झाला होता की मला हसू यायला लागलं. माझा नवरा चोर नव्हता. मी उभी राहून हसत होते, आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. मी हसायची थांबले.

अक्का आखाजीला राहिल्या. मेघा धुळ्याहून आली, अंगणातल्या झोक्यावर तिनं आत्याला ओढून बसवलं, पुरणपोळ्या झाल्या, घर भरून गेलं. कललेल्या झाडांना बांबूचे टेकू दिले. ठरलं की आता दहा दिवसांतून एकदा, रात्रभर, पार खाली मुरेल असं पाणी द्यायचं. मुळांना खाली जावंच लागेल. स्टार्टरच्या पेटीची दुसरी किल्ली मी स्वतः अक्कांच्या हातात ठेवली. जाताना त्यांनी मला कुशीत घेतलं. त्यांचं माहेर त्यांना परत मिळालं.

त्या रात्री मी यांना म्हटलं, "चुकनं मनं."

"तुनं काय चुकनं?" ते म्हणाले. "तू ते फक्त इचारं." आणि कूस बदलली.

मला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. निवळायला गढूळ काही दिसतच नव्हतं. ते हसतात, बोलतात, भाजीत मीठ कमी असलं तर सांगतात. फक्त एक नवीन सुरू झालंय. घरातून पाऊल बाहेर टाकण्याआधी ते मला सांगतात. "मी लिंबूमा जाई ऱ्हायनू." "मी दुकानवर जाई ऱ्हायनू, तंबाखू लेवाले." "डेअरीमा जास, लगेच येस." आधी हा माणूस कधी सांगून जायचा नाही. गेला की गेला, आणि मला कधी काही वाटायचं नाही.

"मी इचारं का?" एकदा मी चिडून म्हटलं. "कसाले सांगतस?"

"तू इचारत नही," ते शांतपणे म्हणाले. "सांगेल बरं ऱ्हास."

ते भांडले असते तर मी त्यांना पुरून उरले असते. भांडण मला येतं. हे कसं थांबवायचं ते मला येत नाही. अक्का जळगावला बसून संशय घेत होत्या, मी एका घरात राहून घेतला. माझ्या शेजारून ते रोज पहाटे उठून गेले आणि एक दिवस मागोमाग चालत जाऊन बघावं, हे माझ्या मनात आलं नाही. हे ते मला कधीच बोलून दाखवणार नाहीत.

काल सकाळी मी पीठ मळत होते. ते चपला घालून दारात उभे राहिले. मी मुद्दाम मान वर केली नाही, म्हटलं, बघू, न सांगता जातात का. ते गेले नाहीत. थांबून राहिले. मग म्हणाले, "मी आबाकडे जाई ऱ्हायनू."

मी तरी मान वर केली नाही. ते तसेच उभे होते. शेवटी मी मान हलवली, तेव्हा ते गेले.